दाजींच्या सेटमधली शिट्टी

धनेश चप्पल काढता काढता दारातच थांबला. हॉलच्या फरशीवर लाकडाचे चिमुकले पाट ओळीनं मांडले होते आणि त्या पाटांवरून मनगटाएवढी जाड काळी वायर अॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत गेली होती.

“काय दाजी, बाहुलीचं लग्न काढलंय का? पंगत बसलीय नुसती.”

सोफ्यावर डोळे मिटून बसलेल्या हिंदुरावांनी एक डोळा उघडला. धनेशच्या थोरल्या बहिणीचे, यशोदाआक्काचे, ते यजमान. वर्षापूर्वी नोकरीतून निवृत्त होऊन चऱ्होलीच्या या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते.

“हसू नको. वायर फरशीला टेकली की फरशीची थरथर वायरीत शिरती, आन् तीच गाण्यात उतरती. म्हणून हे पाट. निरंजनरावांनी खास दिल्यात.”

“सहाव्या मजल्यावर कसली थरथर आलीय?”

“तुला न्हाई कळायचं ते.”

स्वयंपाकघरातून आक्काचा आवाज आला, “भाजी निवडायला बसायला एक पाट आणा म्हणून मी कवाधरनं सांगतीय. माझ्याआधी वायरीला मिळाला.”

दाजींनी डोळा पुन्हा मिटला.

धनेश चाकणला एका कंपनीत लाइन सुपरवायझर होता. गाड्यांच्या आतून फिरणाऱ्या वायरींच्या जुड्या तिथं तयार होत. तांब्याची तार, तिच्यावरचं आवरण, तिची टोकं, दिवसभर डोळ्यांपुढे तेच. त्यामुळे वायरीबद्दल कुणी भलतंसलतं बोललं की त्याला आपल्या घरातल्या माणसाबद्दल बोलल्यासारखं वाटे. दाजींनी नवस केला असता, खड्याची अंगठी घातली असती, तर तो एक अक्षर बोलला नसता. पण वायर म्हटल्यावर त्याला गप्प बसवत नव्हतं.

एरवी दाजींवर त्याचा भारी जीव. कराडकडच्या गावातून त्याला उचलून पिंपरीला आणलं ते दाजींनी, आयटीआयला घातलं ते दाजींनी. दोन खोल्यांच्या घरात एक खोली त्याला अभ्यासाला दिली आणि आपण रात्रपाळीहून येऊन स्वयंपाकघरात आडवे झाले. दाजी स्वतः फोर्जिंग शॉपमध्ये होते. लालभडक लोखंडावर घण आदळायचा, तो मशीनचा घण, घरभर भांडी हादरावीत असा. त्या घणाशेजारी त्यांचं सगळं आयुष्य गेलं. घरी आले की पहिला तास ते सगळ्यांशी ओरडूनच बोलत आणि आक्का हातानं ‘हळू, हळू’ अशी खूण करत असे.

तरुणपणी गावच्या भजनी मंडळात दाजी टाळ वाजवत. पिंपरीत आल्यावर पाळ्यांच्या धबडग्यात ते सुटलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच हौस केली. मारुंजीचा एक आयटीतला मुलगा परदेशी निघाला होता, त्याचा गाण्याचा सेट त्यांनी घेतला. उंच उंच दोन स्पीकर, जड अॅम्प्लिफायर. पहिले दोनेक महिने दाजी नव्या नवरदेवासारखे खूश होते. सकाळी अंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून ते भजन लावून बसत. मग हळूहळू त्यांची तक्रार सुरू झाली. “टाळ मागं गेलेत,” ते म्हणायचे. “मृदंग हाय, गळा हाय, पण टाळ कुठं भिंतीपल्याड वाजल्यागत वाटत्यात. आन् एक बारीक शिट्टी येती मधनंच. सूंऽऽऽ अशी.”

सेट दाखवायला म्हणून ते पिंपळे सौदागरला निरंजनच्या दुकानात गेले आणि तिथंच अडकले. दुकान कसलं, गालिचा अंथरलेली अंधारी खोली होती ती. दोन खुर्च्या, भिंतींना गाद्या लावलेल्या. निरंजन पस्तिशीचा, नम्र, ‘काका’ म्हणून पाया पडणारा. तो म्हणाला, वायर बदला, टाळ पुढे येतील. वायर बदलली. आठवडाभर टाळ पुढे आले, मग परत मागं गेले. मग भिंतीतल्या प्लगपासून सेटपर्यंतची वायर बदलली, कारण शिट्टी विजेतून येते म्हणे. शिट्टी चार दिवस गेली, पाचव्या दिवशी आली. मग हे पाट.

“लुटतोय तुम्हाला तो,” धनेश म्हणे.

“माझ्या कानांनी ऐकलंय मी,” दाजी म्हणत आणि वाद तिथंच संपे.

एका गुरुवारी निरंजन स्वतः घरी आला. गुरुवार म्हणजे धनेशच्या कंपनीची सुट्टी, त्यामुळे तोही तिथंच होता. निरंजननं पिशवीतून लाकडाची एक जड पेटी काढली. चांगली पॉलिश केलेली, मागं एक पितळी बोल्ट.

“काका, हा अर्थिंगचा डबा. सेटमधला सगळा विजेचा कचरा हा ओढून घेतो.”

“आत काय आहे?” धनेशनं विचारलं.

“नैसर्गिक खनिजांचं मिश्रण. प्रमाण कंपनी कुणालाच सांगत नाही, सर.”

“अर्थिंगची वायर जमिनीत जाते. ही कुठं जाते?”

“जमिनीत जायची गरजच नाही. हा स्वतःतच शोषून घेतो.”

चहाचे कप घेऊन आलेली आक्का पेटीकडे बघत उभी राहिली. तिनं अगदी मनापासून विचारलं, “मग भरल्यावर कुठं रिकामा करायचा?”

धनेशला हसू आवरलं नाही. तो असा हसला की चहा बशीत सांडला. निरंजनही ओशाळून हसला. दाजी मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा पडला. निरंजनला जिन्यापर्यंत पोचवून ते परत आले आणि धनेशकडे न बघता म्हणाले, “आयुष्यभर मी कुणाकडं काही मागितलं न्हाई. म्हातारपणी एक गोष्ट आवडली, तर तीबी तुला हसायला मिळाली. हसायलाच यायचं असंल तर येत जाऊ नको.”

त्यानंतर त्यांनी धनेशचा फोन घेतला नाही. पुढल्या आठवड्यातही नाही. शेवटी आक्कानं फोन केला. “आरं, ते जेवताना दोनदा तुझं नाव काढत्यात आन् मग तूच काढलंस म्हणून माझ्यावर ढकलत्यात. ये तू. आन् ते पेटीचं काही बोलू नको.”

धनेशनं पेटीबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं. पण वाद सोडून द्यायचा असंही त्याच्या मनात नव्हतं. त्याच्या डोक्यात वेगळंच शिजलं. त्यानं बाजारातून साधी दोन तारांची वायर आणली, घरातल्या पंख्याला असते तसली. जाडी यावी म्हणून बाजूनं दोरी गुंडाळली आणि वरून काळ्या जाळीचं आवरण चढवलं. बघणाऱ्याला ती हुबेहूब दाजींची वायर वाटावी. ही गुपचूप जोडायची, दाजी ‘वा वा’ म्हणाले की आवरण सोलून दाखवायचं, एवढाच बेत. मग ते रागावले तरी चालेल, निदान पुढच्या पेट्या तरी थांबतील.

गुरुवारी सकाळी दाजी बिल्डिंगमधल्या मंडळींबरोबर आळंदीला दर्शनाला गेले होते. धनेश आला, स्पीकर फिरवले आणि कामाला लागला. स्पीकरच्या पाठीला चार चार बोल्ट होते, दोन वर, दोन खाली. दाजींच्या वायरीची टोकंही चार. धनेशनं तोंड वाकडं केलं. आत सगळं एकच असणार, महाग दिसावं म्हणून चार बोल्ट दिलेत, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. आपली वायर त्यानं खालच्या दोन बोल्टांना जोडली. वरच्या दोन्हींना वायरीचे आखूड तुकडे नुसते दिसण्यापुरते अडकवले. वाजवून बघायला वेळ नव्हता. लिफ्टचं दार वाजलं होतं.

दाजी आत आले. धनेशला बघून क्षणभर त्यांना काय करावं कळेना. मग त्यांनी प्रसादाचा पुडा पुढे केला. “घे.”

“दाजी, चुकलं माझं त्या दिवशी,” धनेश म्हणाला. “जरा वायरी बघितल्या मी. टोकं साफ करून नीट बसवलीत. लावून बघा.”

दाजींचा चेहरा असा उजळला की धनेशला थोडी लाज वाटली. त्यांनी पाय धुतले, सोफ्यावर मांडी घातली आणि त्यांचं नेहमीचं भजन लावलं.

पहिल्याच ओळीला धनेश चपापला. सेटवर कुणी गोधडी टाकली होती की काय? गळा घोगरा, मृदंग नुसता धुमधुमत होता, आणि टाळ नावाची वस्तूच नव्हती. मागं गेलेले नव्हते, नव्हतेच. तो हळूच स्पीकरजवळ गेला. वरच्या छोट्या गोल भागाला त्यानं कान लावला. तो मुका होता. आत्ता त्याच्या ध्यानात आलं की वरचे दोन बोल्ट त्या छोट्या स्पीकरचे होते. बारीक, धारदार आवाज सगळे तिथून यायचे, आणि ते त्यानं स्वतःच्या हातानं बंद केले होते. इतकी वर्षं वायरीत घालवून त्यानं शिकाऊ पोरासारखी चूक केली होती.

स्वयंपाकघरातून आक्का म्हणाली, “अहो, आज टाळ का बंद केलेत?”

दाजींना ते ऐकू गेलं नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते, मांडीवर बोटं ठेका धरत होती. “धनेश,” ते म्हणाले, “हाताला गुण हाय तुझ्या. टाळ आले बघ पुढं. किती दिसांनी आले.”

धनेशच्या ओठांवर तयार ठेवलेलं वाक्य होतं. ते त्यानं गिळलं. दाजी खोटं बोलत नव्हते. समेट झाल्याच्या आनंदात त्यांना टाळ ऐकू येत होते. पण ते स्पीकरमधून येत नव्हते, गावच्या देवळातून, चाळीस वर्षांपलीकडून येत होते.

तो स्वयंपाकघरात गेला. “आक्का, दाजींना ऐकू…”

“ठाऊक हाय मला,” आक्का पोळी लाटत म्हणाली. तिनं वर बघितलं नाही. “दोन-चार वर्षं झाली. मी त्यांच्या तोंडासमोर जाऊनच बोलती. बेल वाजली की मीच दार उघडती. खिडकीच्या जाळीवर चिमण्यांचा कालवा असतो आन् ते म्हणत्यात, बिल्डिंगी झाल्या, चिमण्या गेल्या.”

“मग बोलली का नाहीस? एवढ्या वायरी आणू दिल्यास?”

आक्कानं लाटणं थांबवलं. “बोलले असते तर काय झालं असतं? घण मारणारा माणूस तो. बहिरा झालो म्हणून घरात बसला असता. नवी वायर आली की निदान आठ दिवस गात असतो रं.”

धनेश हॉलमध्ये परतला तेव्हा भजन संपलं होतं. दाजी त्याचीच वाट बघत होते.

“एक काम अजून कर. ती शिट्टी तेवढी काढ. ती काही जाईना.”

ही शिट्टी धनेशनं कधीच ऐकली नव्हती. आजवर त्याला वाटायचं, निरंजननंच ती दाजींच्या डोक्यात भरवली. तो दाजींच्या समोर येऊन बसला. “आत्ता येतेय?”

“येतीय की. सूंऽऽऽ.”

“गाणं तर बंद आहे.”

“मशीन चालू हाय ना.”

धनेशनं सेटचं बटण बंद केलं. “आता?”

“येतीय.” दाजींनी हवेत बोट फिरवलं. “भिंतीतनं येत असंल. निरंजनराव म्हणत होते, हिकडची वीजच घाण हाय.”

धनेश उठला. दाराशेजारचं वीजपेटीचं झाकण उघडून त्यानं मेन स्विच खाली केला, मग इन्व्हर्टरही. पंखा गरगरत मंद झाला आणि थांबला. फ्रीजची घरघर थांबली. दुपारची वेळ होती. खाली रस्त्यावर कुठल्या तरी साइटवर वाळूचा डंपर रिकामा झाला, तोही आवाज विरला. घरात वीज म्हणून उरली नव्हती.

“आता, दाजी?”

दाजींनी मान तिरकी केली. ते ऐकत राहिले. बराच वेळ ऐकत राहिले. त्यांचे डोळे सेटवर गेले, पेटीवर, मग भिंतीवर, आणि हळूहळू स्वतःच्या हातांवर येऊन थांबले.

“येतीय,” ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. “धनेश, ही कुठनं येतीय रं?”

दाजींनी दोन्ही तळवे कानांवर दाबले, सोडले, पुन्हा दाबले. आक्का दारात येऊन उभी राहिली होती, पिठाचे हात तसेच.

मग धनेशनं सगळं सांगून टाकलं. खोटी वायर, आवरण, आखूड तुकडे, आपली चूक. सांगताना त्याला एकदाही हसू आलं नाही.

“म्हणजे टाळ नव्हतेच?” दाजींनी विचारलं.

“नव्हते.”

“आन् मी म्हणालो, पुढं आले.”

ते उठून गॅलरीत गेले. आक्का मागोमाग निघाली, धनेशनं तिला थांबवलं. मेन स्विच लावून त्यानं स्पीकरची मूळ वायर परत जोडली, चारही टोकं, नीट. काम झाल्यावर तो गॅलरीत जाऊन दाजींशेजारी उभा राहिला.

“शॉपमध्ये कापूस द्यायचे कानात घालायला,” दाजी समोरच्या अर्धवट बिल्डिंगकडे बघत म्हणाले. “घातला की पोरं हसायची. नवरीगत लाजतोस म्हणायची. मग मी खिशात ठेवायचो.” थोड्या वेळानं ते वळले. “तुझी वायर वाईट नव्हती म्हण की.”

“वायर चांगली होती. जोडणारा वाईट होता.”

दाजींना हसू फुटलं. आधी नाकातून, मग मोकळं, पोट हलवत. धनेशच्या पाठीत त्यांनी असा गुद्दा घातला की तो कठड्याला टेकला. घण मारणाऱ्याचा हात होता तो, अजूनही.

चिंचवडच्या कानाच्या दवाखान्यात वर्षाली नावाच्या तरुण तज्ज्ञ बाईंनी दाजींना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. काचेपलीकडून धनेश बघत होता. दाजी परीक्षेला बसलेल्या मुलासारखे ताठ बसले होते. सुरुवातीला त्यांचा अंगठा भराभर चालला. मग आवाज बारीक होत गेले आणि अंगठा थांबला. हेडफोनमध्ये आवाज येत होते, बाईंच्या मशीनवर दिवे लागत होते आणि दाजी बटणावर अंगठा ठेवून वाट बघत होते. धनेशनं मान फिरवली.

कागदावरची रेघ निम्म्यापर्यंत सपाट होती, पुढे एकदम घाट उतरल्यासारखी खाली गेली होती. “मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की असं होतं,” वर्षालीताई म्हणाल्या. “शिट्टीही कानातलीच. कानाला ऐकायचं मशीन लावल्यावर पुष्कळांना ती कमी जाणवते, पण पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही.”

“खरं बोलता, हे बरं,” दाजी म्हणाले.

मशीन लावून घरी आल्यावर पहिले दोन दिवस त्यांचा सगळ्यांशी वाद झाला. आक्का ताटं आदळते, पेपरची पानं कडकड वाजतात, बाथरूमचा नळ अंगावर धावून येतो. भजन लावलं तर टाळ पत्र्याच्या डब्यासारखे वाजले. दाजी हिरमुसले. वर्षालीताईंनी मशीन दोनदा जुळवून दिलं, सवय व्हायला वेळ लागेल म्हणाल्या. महिना उलटल्यावर एका सकाळी दाजींनी मशीनसकट आख्खं भजन शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “आमच्या मंडळाइतकं न्हाई. पण टाळ हायेत.”

निरंजन पेटीचं कसं चाललंय ते बघायला आला, तेव्हा धनेशही होता. दाजींनी कानामागचं मशीन काढून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि सगळी हकिगत सांगितली. निरंजन ऐकता ऐकता गोरामोरा झाला. तो दुष्ट माणूस नव्हता, हीच धनेशची इतके दिवस अडचण होती. त्या अंधाऱ्या खोलीत गाणं लावून त्याच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी यायचं.

“काका, मला खरंच वाटायचं की फरक पडतो,” तो म्हणाला. “सगळं परत नेतो मी.”

“पेटी ने. वायर राहू दे. चांगली जाड हाय, तिच्यानं आवाज भरदार येतो.”

धनेशनं तोंड उघडलं. आक्कानं त्याच्याकडे बघितलं. त्यानं ते मिटलं.

निरंजन पेटी उचलून दारापर्यंत गेला, तिथं घुटमळला. “सर, त्या कानाच्या दवाखान्याचा नंबर देता का? माझ्याकडे अजून दोघं-तिघं काका येतात. त्यांचीही शिट्टी जात नाही.” धनेशनं नंबर दिला. वर त्याच्या गाडीपर्यंत पेटीही उचलून दिली. ती खरोखरच जड होती.

पुढच्या आठवड्यात धनेश चाकणला लायनीवर उभा होता, तेव्हा आक्काचा फोन आला. वायरींची टोकं दाबून बसवणाऱ्या क्रिम्पिंग मशीन्सच्या खडखडाटात तिचं नीट ऐकू येईना, म्हणून तो फोन घेऊन बाहेर पार्किंगमध्ये गेला. आक्का कुजबुजत होती.

“काय झालं? एवढी हळू का बोलतेस?”

“हळू न बोलून काय करू? जिन्यात आलीय मी,” आक्का म्हणाली. “इतकी वर्षं मी पाठ फिरवून मनातलं सगळं बोलून घ्यायची. त्यांचं, सासूचं, तुझंबी. काल भांडी घासताना बोलले, तर हॉलमधनं म्हणत्यात, ‘यशोदे, माझ्या आईनं तुला पाटल्या न्हाई दिल्या हे खरं, पण ती कंजूस नव्हती.’ आता मी बोलायचं कुठं रं?”

धनेश पार्किंगमधल्या एका मोटारसायकलवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. पलीकडून दाजींचा आवाज आला, अगदी स्पष्ट, “जिन्यात कुणाशी बोलतीस? धनेश हाय ना? त्याला म्हणावं, गुरुवारी ये. आन् कानात बोळे घालून काम करतोस का ते विचार.”

“विचारत्यात, बोळे घालतोस का,” आक्का म्हणाली.

धनेशनं खिसा चाचपला. बोळे होते, सकाळी कंपनीनं दिलेले, न फोडलेल्या पाकिटातच.

“घालतो म्हणून सांग,” तो म्हणाला, आणि पाकीट फाडत आत गेला.